तिसरी टाकी

विहिरीच्या पाण्याकडे आधी पाठ फिरवली ती म्हशीने. विठाने बादली पुढे केली, म्हशीने हुंगलं आणि मान वळवली. दोन दिवसांनी विठालाही वास आला. स्टोव्ह भरताना येतो तसा.

बदलापूर गावाच्या कडेला विठाचा भाजीचा मळा होता आणि कुंपणापलीकडे नऊ वर्षांपूर्वी बंद पडलेला पेट्रोल पंप. पंपाचा मालक वारला होता. मुलं जागा बिल्डरला विकायला निघाली होती. बिल्डरने आधी जमीन आणि पाणी तपासून मागितलं, म्हणून नूतन तिथे आली. नूतन अंबरनाथची, पस्तिशीतली. इंधनाने बिघडलेलं जमिनीखालचं पाणी तपासायचं आणि साफ करायचं, हेच तिचं काम.

पहिल्याच दिवशी विठाने तिला कुंपणावरून हाक मारली. "बाय, पंपाचं काय ते मागाहून बग. आदी माज्या हिरीत डोकाव."

नूतनने बाटली दोरीने विहिरीत सोडली. वर आलेल्या पाण्यावर रंगीत तवंग होता.

"मावशी, हे पाणी पिऊ नका. अंघोळीलाही घेऊ नका आणि मळ्यालाही देऊ नका."

"पीत नाय. आठ म्हैने जावेच्या नळावरून आणत्ये. पन मळा कशावर जगवू?"

नूतनने बाटलीला बूच लावलं आणि वर तारीख लिहिली.

पंपाच्या नकाशावर जमिनीखाली दोन टाक्या होत्या, दोन्ही रस्त्याच्या बाजूला. नूतनने आवारात चार बोअर मारून घेतले. टाक्यांजवळच्या दोन बोअरचं पाणी जवळजवळ स्वच्छ निघालं. मागच्या भिंतीजवळच्या बोअरमध्ये मात्र पाण्यावर चार बोटं डिझेल तरंगत होतं. चारही बोअरमधल्या पाण्याच्या पातळ्या मोजल्यावर कळलं, की खडकाच्या भेगांतून पाणी मागच्या भिंतीकडून विठाच्या विहिरीकडे जातंय. दोन्ही टाक्या त्या वाटेवर नव्हत्याच.

म्हणजे डिझेल तिसऱ्याच ठिकाणाहून येत होतं.

पंपाचे जुने मॅनेजर गुरुदत्त बदलापुरातच राहत होते. वय सत्तरच्या पुढे. नूतन त्यांच्याकडे गेली. त्यांनी चहा दिला, नकाशा नीट पाहिला आणि परत तिच्या हातात ठेवला.

"दोनच टाक्या होत्या. बावीस वर्षं होतो मी तिथे."

"मागच्या भिंतीजवळ काही नव्हतं, काका?"

"टायर ठेवायचो आम्ही तिथे."

नूतनने हे विठाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीचं पाणी कळशीत भरून, कळशी डोक्यावर घेऊन गुरुदत्तांच्या दारात उभी राहिली. ते पेपर वाचत होते. तिने कळशी त्यांच्या टीपॉयवर ठेवली.

"मॅनेजरसायेब, पिवा म्हनत नाय. नुसता वास घ्या."

गुरुदत्त वाकले नाहीत. वास खोलीभर पसरलाच होता. आतून त्यांची बायको वृंदा बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, गॅस चालू राहिलाय का?" तेव्हा ते उठले आणि त्यांनी पायात चपला घातल्या.

त्या दुपारी ते पंपावर आले. मागच्या भिंतीपासून सहा पावलं मोजली आणि काँक्रीटच्या एका तुकड्यावर उभे राहिले.

"इथे," ते नूतनला म्हणाले. "डिझेलची जुनी टाकी. गळायला लागली म्हणून उपसून घेतली. तळातलं निघेना. मालक म्हणाले, राहू दे, वरून काँक्रीट ओता. मीच उभा राहून ओतून घेतलं."

"काल का नाही सांगितलंत?"

"तेव्हा नोकरी होती म्हणून बोललो नाही. काल..." ते थांबले. "काल लाज वाटली."

विठा कुंपणापाशीच होती. तिने सगळं ऐकलं आणि ती मळ्यात निघून गेली.

आठवड्याभरात टाकी वर काढली. तळ गंजून चाळण झाला होता. खालचा मुरूम काळा, चिकट. तो ट्रकमध्ये भरून अशा कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या कारखान्यात पाठवला. मग खरं लांबलचक काम सुरू झालं. बोअरमधून पाणी उपसायचं, त्यावरचं डिझेल वेगळं काढायचं, आणि जमिनीत पाइपाने हवा सोडायची. हवा मिळाली की मातीतले जीवाणू उरलेलं तेल खातात, हे नूतनने विठाला समजावलं. विठा म्हणाली, "खाऊ देत. पन लवकर खा म्हनावं."

ते लवकर झालं नाही. पावसाळ्यात पातळी वर आली आणि नाहीसा झालेला तवंग पुन्हा दिसायला लागला. नूतनला आणखी दोन बोअर मारावे लागले. मालकाच्या मुलांनी कुरकुर केली. पण साफ झाल्याशिवाय बिल्डर जागा घेईना. विठाच्या मळ्याला नूतनने मालकाच्या मुलांकडून टँकर लावून घेतला. तो कधी यायचा, कधी नाही. वांग्यांचे दोन वाफे वाळले.

दर तीन महिन्यांनी नमुने घ्यायच्या दिवशी गुरुदत्त आवाराचं फाटक उघडायला येत. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. विठा त्यांच्याशी बोलत नसे.

दोन वर्षं झाली. यंदाच्या मार्चमधला रिपोर्ट घेऊन नूतन मळ्यावर आली. तवंग गेला होता. पाणी मळ्याला चालण्यासारखं झालं होतं. पिण्यासारखं नव्हतं.

"कदी व्हईल?" विठाने विचारलं.

"माहीत नाही, मावशी. अजून दोन वर्षं तरी लागतील. खोटं कशाला सांगू?"

विठाने मान हलवली. जाऊन तिने विहिरीवरची मोटर सुरू केली आणि पाणी पहिल्या सरीत वळवलं. नूतनसाठी उघडलेल्या पंपाच्या फाटकाला गुरुदत्त कुलूप लावत होते. थोडा वेळ ते पाण्याकडे बघत उभे राहिले, मग घरी गेले.