जर्दाळूची बरणी

प्रॉम्प्टरच्या खोक्यातून बघितलं की कितीही मोठा गायक आधी दोन नाकपुड्या असतो आणि मग माणूस.

हा खोका म्हणजे रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेला, मधोमध पाडलेलं एक भोक. आत एक खुर्ची, एक छोटा दिवा आणि मांडीवर स्वरलिपीचं जाडजूड पुस्तक. माझं डोकं फळ्यांच्या पातळीला, वर लाकडी टोपण. प्रेक्षकांना मी दिसत नाही, गायकांना मात्र मीच दिसते. त्यांनी ओळ गायच्या क्षणभर आधी त्या ओळीचा पहिला शब्द मी कुजबुजायचा. काम एवढंच. पण प्रीमियरच्या संध्याकाळी मी तिथे बसले तेव्हा पर्वानकाकांची भूमिका राहणार की जाणार, हे ठरणार होतं.

झालं होतं असं. आमच्या डॅन्यूबकाठच्या शहरात हा फ्रेंच ऑपेरा आई लहान असल्यापासून होतोय, पण बल्गेरियनमध्ये. त्यात परदेशी निघालेल्या मुलीला निरोप देणारा म्हातारा बाप म्हणजे पर्वानकाका. मंडईतली टोमॅटोवालीसुद्धा त्यांना ‘या बाबा, मुलगी आली का परत?’ असं विचारते. यंदा सोफियाहून नवे संचालक आले, स्तामातोव्ह. वाद्यवृंदासमोर छडीही तेच धरतात, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, “यापुढे मूळ भाषेत. फ्रेंचमध्ये.”

काकांनी मान डोलावली आणि तालमीत बल्गेरियनमध्ये गायले. मुद्दाम नाही हो! फ्रेंच गाता गाता जीभ आपोआप जुन्या वाटेने जायची. आणि ते घसरले की कोरसमधल्या जुन्या बायका बदकाच्या पिल्लांसारख्या त्यांच्यामागे घसरायच्या. एकदा तर मुलगी फ्रेंचमध्ये विचारतेय आणि बापासकट आख्खं गाव बल्गेरियनमध्ये उत्तर देतंय! मी हसून हसून आडवी. मास्तर हसले नाहीत.

“पर्वान, प्रीमियरला तुमच्या तोंडून एक बल्गेरियन शब्द आला,” ते सगळ्यांदेखत म्हणाले, “तर रविवारपासून बाप यावोर गाणार.”

यावोर कालपरवा संगीत अकादमीतून बाहेर पडलाय. त्याच्या गालावर सुरकुत्या रंगवाव्या लागतात.

“आणि मी काय करू, मास्तर?”

“तुम्ही आराम करा. खूप गायलात.”

काका बसने घरी आले आणि थेट वर गेले. ते आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटे राहतात, आणि एरवी त्यांचं खाकरणंसुद्धा आम्हाला खाली ऐकू येतं. त्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही. आई वाद्यवृंदात व्हायोला वाजवते. तिने पेटी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली आणि मला म्हणाली, “नेवेना, वर जाऊन ये जरा.”

माझी नेमणूक आधीच झाली होती. आमची खरी प्रॉम्प्टर ल्यूबामावशी डोळ्याच्या ऑपरेशनला गेलेली, तिला फ्रेंचही येत नाही, आणि मी फ्रेंच शाळेत अकरावीत. मावशी पट्टी बांधलेल्या डोळ्याने मला धडे द्यायची. “शब्द गायकापर्यंत पोचला पाहिजे, पहिल्या रांगेपर्यंत नाही. काचेवर वाफ सोडतेस ना, तसा सोडायचा.” आणि मग, “नाही नाही! हे काय, स्टेशनवर गाडी आल्याची घोषणा करतेयस का?”

तर मी वर गेले. सप्टेंबर महिना, सगळी इमारत बाल्कन्यांमध्ये लाल मिरच्या भाजत होती. काका स्वयंपाकघरात भाजलेल्या मिरच्या सोलत बसले होते.

“चिमणे, मला ते पाठ होत नाही असं नाही,” ते म्हणाले. “अवघड ओळी येतात. सोपा शब्द आला की जीभ मला विचारतच नाही.”

तो सोपा शब्द म्हणजे शेवटचा. मुलगी जहाजाकडे निघते, सगळी वाद्यं थांबतात आणि बाप एकटाच म्हणतो, ‘आद्यू’. निरोप. बल्गेरियनमध्ये तिथे ‘स्बोगोम’. तीस वर्षं स्बोगोम.

मी ओट्यावरच्या, हिवाळ्यासाठी भरलेल्या बरण्या बघत होते. मिरच्या, आलुबुखार, नाशपाती, चेरी, जर्दाळू. काका दरवर्षी झाकणांवर चिठ्ठ्या लावतात.

“काका, चिठ्ठीवर फळाचं नाव लिहून काय उपयोग? काचेतून दिसतंच की. ओळ लिहा!”

काका एकदम हसले आणि हात पुसून पेन शोधायला लागले. आम्ही सगळ्या फ्रेंच ओळी आपल्या बल्गेरियन लिपीत झाकणांवर लिहिल्या. कुठली बरणी कुठल्या ओळीची हे घोकताना निम्मी चेरी मीच संपवली. मी म्हणायचे ‘नाशपाती’ आणि लगेच त्यांचा तो जमीन हलवणारा आवाज फ्रेंचमध्ये सुरू! ‘आद्यू’ला जर्दाळू दिला, कारण तो त्यांचा सगळ्यात लाडका.

“हे मास्तरांना सांगायचं नाही,” काका म्हणाले. “म्हणतील, म्हातारा मुरंब्यावर चालतो.”

आता खोक्यात परत या.

पहिला अंक निर्विघ्न. दुसऱ्या अंकात एका ओळीआधी काकांची नजर भिरभिरली. मी फ्रेंच शब्द सोडला, वाफेसारखा, आणि तो त्यांनी उचलला. कोरसमधल्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत गात होत्या, दरीवरच्या पुलावरून जाणाऱ्या माणसाकडे बघावं तशा. मध्यंतरात मी खोक्यातून निघालेच नाही. आईने पाठीमागून हात घालून चॉकलेट दिलं, ते हातातच वितळलं. पहिल्या रांगेत सोफियाहून आलेले फ्रेंच पाहुणे बसले होते. त्यांच्या अत्तरांचे वास थेट माझ्यापर्यंत येत होते, म्हणजे विचार करा, मी त्यांच्या किती जवळ होते!

तिसरा अंक. मुलगी वळली. जहाजाची शिडी. व्हायोलांचा शेवटचा सूर हळूहळू विरला, त्यात आईचाही असणार. मग काहीच नाही. खोक्यातल्या छोट्या टीव्हीवर मला पाठीमागच्या मास्तरांची छडी हवेत थांबलेली दिसत होती.

मी म्हटलं, “आद्यू.”

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते मुलीकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे खरंच भरले होते. मी पुन्हा म्हटलं, “आद्यू.” खालून मला त्यांचं तोंड स्पष्ट दिसत होतं. ‘आद्यू’ म्हणायचं तर तोंड उघडायला हवं. त्यांचं तोंड मिटत होतं. दातांवर दात आले, त्यांच्यामागे जीभ टेकली. स्बोगोममधला ‘स’! जिभेने त्यांना विचारलंच नव्हतं. मागे कोरसमधल्या पहिल्या बाईचेही दात दिसले.

मला वाफबीफ काही आठवलं नाही.

“जर्दाळू!” मी ओरडले. अर्थात बल्गेरियनमध्ये.

त्या शांततेत ते पार बाल्कनीपर्यंत गेलं.

काकांची पापणी हलली. तोंड उघडलं. इतकं खालून, इतकं हळू ‘आद्यू’ आलं की माझ्या खुर्चीच्या फळ्या थरथरल्या. कोरस मागून आला, सगळा फ्रेंचमध्ये. पडदा.

टाळ्या संपायच्या आत मी खोक्यातून निघाले. विंगेत पोचले तेव्हा मास्तर तिथे उभे होते आणि काका त्यांच्यासमोर, चिकटवलेली दाढी अर्धी निघालेली.

“पाहुणे विचारतायत,” मास्तर म्हणाले, “बापाच्या निरोपाआधी जर्दाळूचा काय संबंध?”

काकांचा चेहरा रंगाखाली पांढरा पडला. “मास्तर, चूक माझ्यामुळे—”

“तो शब्द माझा होता,” मी मध्ये पडले. “काकांच्या तोंडून एकही बल्गेरियन शब्द आला नाही. तुम्ही ‘तुमच्या तोंडून’ असं म्हणाला होतात. सगळ्यांसमोर.”

कोणीतरी खोकलं. मास्तरांनी छडी काखेत घातली.

“म्हणालो होतो,” ते म्हणाले. “बाप रविवारी पर्वानच गातील. पण माझ्या खोक्यात ओरडणारा माणूस मला नको. दिवा आणि पुस्तक ठेवून जा.”

मी दोन्ही ठेवली. रडले नाही. बरं, जिन्यात थोडी रडले. काका मागून आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “चिमणे, तुझ्या घशात माझ्यापेक्षा मोठा आवाज आहे ग.”

रविवारी मी तिकीट काढून तिसऱ्या रांगेत बसले. खोक्यात ल्यूबामावशी होती, नवा चष्मा लावून. फ्रेंच तिला अजूनही येत नाही. पण शनिवारी ती काकांच्या स्वयंपाकघरात खूप वेळ बसली होती, आणि खाली उतरली तेव्हा तिच्या ओठांना आलुबुखाराचा रंग लागला होता.

तिसरा अंक. मुलगी वळली. वाद्यं थांबली. मी श्वास धरून कान टवकारले, पुढे झुकले, जवळजवळ पुढच्या माणसाच्या टकलावर हनुवटी टेकवली.

काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

काकांनी क्षणभर खोक्याकडे बघितलं, ओठांवरून हलकेच जीभ फिरवली, आणि तोंड उघडलं.