टेबलाच्या अलीकडची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. लगेच कान टवकारू नका. जिच्यासाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात, ती खुर्ची मी नव्हे. माझ्यासाठी कधी कोणी भांडलं नाही. उलट माझ्यावर बसायची वेळ आली, की माणूस आधी दाराशी घुटमळतो, बाहीने तोंड पुसतो आणि मग कसाबसा कडेवर टेकतो. निर्वासितांच्या छावणीत नोंदणीची एक खोली आहे. तिथल्या टेबलाच्या अलीकडची खुर्ची म्हणजे मी. पलीकडच्या खुर्चीला गादी आहे, खाली चाकं आहेत. मला लोखंडी नळीचे चार पाय आणि एक पाठ.

कारखान्यात एका दिवसात आम्ही चारशे बहिणी जन्मलो. हिरवा रंग अंगावर चढला तेव्हा वाटलं होतं, एखाद्या शाळेत जाईन, नाहीतर लग्नाच्या हॉलमध्ये. पोरं धिंगाणा घालतील, पाहुणे जेवून सुस्तावतील. पण मला कांबळी आणि बादल्यांच्या मध्ये कोंबून ट्रकने इथे आणलं. खुर्चीला कोण विचारतं, तुला कुठे जायचंय म्हणून? नंतर कळलं, की माझ्यावर बसणाऱ्यांनाही ते कोणी विचारलेलं नव्हतं.

माझ्या पाठीवर तीन चिकटपट्ट्या आहेत. एक परदेशातून आलेल्या मोठ्या संस्थेची, एक शहरातल्या छोट्या संस्थेची आणि एक धान्य वाटणाऱ्यांची. तिघांनीही आपापला क्रमांक घातला. म्हणजे मालक तीन. पण मागच्या पायाचा स्क्रू ढिला झाला, तेव्हा प्रत्येकाने दुसऱ्याची पट्टी दाखवली आणि हात झटकले. शेवटी टेबलाशी बसणाऱ्या दुभाषी बाईंनी केसांतली पिन वाकवून तो कसला.

या दुभाषी बाई छावणीतल्याच. वर्षापूर्वी त्याही माझ्यावर बसून सगळं सांगून गेल्या होत्या. त्यांना दोन्ही भाषा येतात म्हणून शहरातल्या संस्थेने त्यांना कामावर घेतलं. त्यांच्या कामाचा नियम असा, की समोरचं माणूस बोलेल ते जसंच्या तसं बोलायचं. ‘ही म्हणते, हिचं घर जळलं’ असं नाही म्हणायचं. ‘माझं घर जळलं’ असंच म्हणायचं. दिवसातून पाच-सहा वेळा त्यांचं घर जळायचं. मग त्या डबा उघडायच्या, दोन घास खायच्या आणि पुढच्या माणसाला आत बोलवायच्या.

शहरातल्या संस्थेच्या कार्यकर्तीला सगळे ताई म्हणत. ताईंचा आवाज मोठा, चप्पल कायम तुटकी. मोठ्या संस्थेचे साहेब दर सहा महिन्यांनी बदलत. आताचे साहेब सज्जन होते, पण यादीबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. ताई आणि साहेब एकाच खोलीत बसत. दोघांची कपाटं एकमेकांना चिकटून होती, किल्ल्या मात्र वेगळ्या. ताईंच्या कपाटातला कागद साहेबांना हवा असेल, तर अर्ज राजधानीतल्या कार्यालयात जाई आणि तिथून फिरून तीन आठवड्यांनी ताईंकडे येई. दोन हातांचं अंतर! दोघंही दिवसभर राबायचे आणि दोघांनाही वाटायचं, आपणच मरमर करतोय, समोरचा नुसता कागद सरकवतोय.

आणि मग ती शिवणकामवाली आली.

तिशीतली असेल. सोबत दोन पोरी, एक कडेवर, एक बोट धरून. गावी तिचं शिलाई मशीन होतं. बसल्या बसल्या तिची बोटं माझ्या कडेवरून फिरत राहायची, जणू काठ दुमडतेय. तिचं मागणं एकच होतं. तिची सासू वाटेत मागे राहिली होती. ती नदीपलीकडच्या दुसऱ्या छावणीत जिवंत असल्याचा निरोप मिळाला होता. तिला इकडे आणायचं होतं. पलीकडची छावणी पावसाआधी हलवणार होते आणि एकदा हलवली, की म्हातारीचा पत्ता कोण काढणार?

“सासूसाठी एवढी धावपळ?” ताईंनी तिला हसवायला विचारलं. “आमच्याकडे तर लोक उलटा अर्ज करतील.”

ती हसली नाही. “नवरा गेल्यावर त्यांनीच सांभाळलं मला,” एवढंच म्हणाली.

तिला सगळं सांगावं लागलं. आधी धान्यवाल्यांना, मग दवाखान्यातल्या नर्सला, मग ताईंना, मग साहेबांना. साहेब बदलले, तेव्हा नव्या साहेबांना. मग हरवलेल्या माणसांचा शोध घेणारे आले, त्यांना. पाऊण तास लागायचा. दोन दिवस चालत होतो, सासूबाईंचा गुडघा सुजला, फाट्यावर ट्रक आला, ट्रकमध्ये जागा थोडी, सासूबाई म्हणाल्या, पोरींना घेऊन तू हो पुढे. दर वेळी याच वाक्याशी ती थांबायची. दुभाषी बाई तेच वाक्य दुसऱ्या भाषेत म्हणायच्या आणि त्याही थांबायच्या.

महिन्याभराने फाईल परत आली. वर शेरा होता, माहिती जुळत नाही. धान्याच्या यादीत तिच्या कुटुंबात तीन माणसं होती, ताईंच्या नोंदीत तीन आणि साहेबांकडे चार. चौथं माणूस मागाहून घुसवलंय, असा संशय.

“पुन्हा एकदा सांगावं लागेल,” साहेब म्हणाले. त्यांनाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं, हे मला दिसलं. “अगदी सुरुवातीपासून.”

ती सातवी खेप. निम्म्यावर आल्यावर साहेब कसलीशी प्रत काढायला बाहेर गेले. खोलीत ती, दुभाषी बाई आणि मी. शिवणकामवालीची बोटं थांबली.

“बाई, सासूबाई तसं म्हणाल्याच नव्हत्या,” ती दुभाषी बाईंना म्हणाली. “झाडाखाली त्यांचा डोळा लागला होता. ट्रक निघाला. मी पोरींना वर चढवलं आणि मीही चढले. त्यांना उठवलं नाही. उठवलं असतं तर मला जाता आलं नसतं.”

साहेब परत आले. “काय म्हणाल्या त्या?”

जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, हा त्या खोलीतला पहिला नियम. दुभाषी बाईंनी वहीचं पान उलटलं. “काही नाही,” त्या म्हणाल्या. “उकाड्याचं बोलत होतो.”

दर सोमवारी याच खोलीत सगळ्या संस्थांची बैठक भरे. दुभाषी बाई तिथे कोपऱ्यात बसत, कारण त्यांनी स्वतःचं काही बोलायचं नसे. त्या सोमवारी मलाच ओढून त्यांना बसायला दिलं होतं. शिवणकामवालीच्या फाईलवरून ताई आणि साहेबांची जुंपली. तुमची यादी चुकीची, नाही, तुमची नोंद चुकीची. तेवढ्यात दुभाषी बाई उभ्या राहिल्या.

“सासूला मी सात वेळा मागे सोडलंय,” त्या म्हणाल्या. “तिने एकदा सोडलं, मी सात वेळा. मी दमलेय. तुमचे कागद एकदा एकमेकांशेजारी ठेवून बघा. नसेल जमत, तर आठव्यांदा दुसरी बाई आणा.”

मग ताई उठल्या आणि त्यांनी आपलं कपाट उघडलं. साहेबांनी खिशातली किल्ली काढायला जरा वेळ लावला, पण काढली. धान्यवाल्यांनीही आपली यादी पुढे केली आणि पहिल्यांदाच ते सगळे कागद एका टेबलावर आले. घोळ पाच मिनिटांत सापडला. धान्याच्या कागदावर प्रश्न होता, इथे जेवणारी माणसं किती? ताईंच्या कागदावर, सोबत किती जण पोहोचले? साहेबांच्या कागदावर, कुटुंबात एकूण किती? बाईने तिन्हींची उत्तरं खरी दिली होती.

“म्हणजे आपण हिच्या खरेपणाची शिक्षा हिला दिली,” ताई म्हणाल्या. साहेब चष्मा पुसत राहिले.

मग दोन महिने खपून त्यांनी सगळ्यांचा मिळून एक कागद केला. माणसाला एकदाच विचारायचं, त्याची परवानगी घ्यायची आणि ज्याला जेवढं लागेल तेवढंच त्याला दाखवायचं. नदीपलीकडच्या संस्थाही त्यात आल्या. सांगायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात एका शब्दावरून चार-चार बैठका झाल्या. मी सगळ्या ऐकल्यात, माझा अजून विश्वास बसत नाही, की ते पार पडलं.

पण त्या कागदात एक नवी मेख होती. ताटातूट कशी झाली, हे दोन्हीकडच्या माणसांना वेगवेगळं विचारायचं. उत्तरं जुळली तरच परवानगी. मुलांना भलत्याच्या हाती देऊ नये म्हणून केलेला नियम, चांगलाच नियम. शिवणकामवालीला तो समजावून सांगितला, तेव्हा तिने माझी कड घट्ट धरली. दुभाषी बाई खिडकीबाहेर बघत होत्या. पावसाला तीन आठवडे उरले होते.

अठराव्या दिवशी नदीपलीकडून म्हातारीचं उत्तर आलं. शिवणकामवालीला बोलावलं. साहेबांनी कागद दुभाषी बाईंपुढे सरकवला, “वाचून दाखवा त्यांना.”

दुभाषी बाईंनी आधी मनात वाचलं. मग नियमाप्रमाणे, लिहिलं होतं तसंच मोठ्याने वाचलं.

“सुनेला मीच पाठवलं. ती जायला तयार नव्हती. मी तिच्यावर ओरडले, पोरींची शपथ घातली, तेव्हा कुठे ती ट्रकमध्ये चढली. तिला बोल लावू नका.”

“जुळतंय,” साहेब म्हणाले आणि त्यांनी खूण केली. त्यांना वाटलं, बाई आनंदाने रडतेय. ती बराच वेळ उठली नाही. दारात रांग खोळंबली, तरी तिला उठवायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं.

मी आता थकलेय. बैठक फाटलीय, रंग फक्त पायांच्या बेचक्यात उरलाय. येत्या आठवड्यात माझी रवानगी भंगारात आहे. तक्रार नाही. जाताना एवढंच मागते, की माझ्या जागी जी येईल तिच्यावर माणूस बसलं, तर आधी बघा, त्याचं ऐकून कोणी लिहून ठेवलंय का. तुमच्या कपाटात नसेल, तर शेजारच्या कपाटात बघा. बघून मगच विचारा.

काल म्हातारी आली. सही करायला तिला माझ्यावर बसवलं. वजन काहीच नव्हतं. साहेबांनी एकही प्रश्न विचारला नाही, अंगठा घेतला आणि ताईंबरोबर बाहेर गेले. सून समोर उभी होती, बोटांनी स्वतःच्याच कुडत्याचा काठ दुमडत.

“आई,” ती म्हणाली, “त्या दिवशी झाडाखाली मी...”

म्हातारीने हात वर केला. “त्यांना सांगितलंस ना एकदा?”

“हो, पण...”

“मग झालं. मला नको सांगूस.” तिने माझ्या पाठीला धरून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा सुनेपुढे हात केला. “चल. पोरी कुठे आहेत?”