वाचल्याची खूण

बाबांचा आवाज गेला तेव्हा आमच्या इमारतीतल्या लोकांनी तोंडावर हळहळ व्यक्त केली आणि पाठ वळल्यावर सुटकेचा श्वास टाकला. मी त्यांना दोष देत नाही.

कारखान्यात बाबांना ‘भोंगा’ म्हणत. पत्र्याला दाबून आकार देणारी यंत्रं जिथे दिवसभर धडधडतात, त्या खात्याचे ते फोरमन. तिथे हाक मारायची तर ओरडावंच लागे. पण संध्याकाळी यंत्रं बंद व्हायची, बाबा नाही. मीठ मागायचं तरी तोच आवाज, मी परीक्षेत पास झाले तरी तोच. ते रागावलेत की खूश आहेत हे ओळखायला आम्ही पोरं त्यांच्या भुवया बघायचो.

निवृत्तीनंतर घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढावं लागलं. श्वास घ्यायला मानेच्या खालच्या बाजूला एक भोक राहिलं. आई घरीच कपडे दुरुस्त करते. चेन बदलणं, उंची कमी करणं, जुन्या कोटाचं अस्तर नवं करणं. तिने त्या भोकावर बांधायला मऊ सुती रुमाल शिवले. पहिला बाबांनी भिरकावला, काठ टोचतो म्हणून. दुसरा भिरकावला, रंग आवडला नाही म्हणून. आवाज गेला होता, हात शाबूत होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मी आमच्या घरात डोळ्यांनी पाहिलं.

मग पाटी झाली. ती लिहून होईपर्यंत त्यांना दम नसे आणि समोरच्याने मान वर करून बघेपर्यंत तर मुळीच नसे. ती जमिनीवर आपटून आपटून फुटली. मोबाइलवर लिहायला जावं, तर दाबयंत्राने त्यांच्या दोन बोटांची पेरं कधीच नेली होती. उरलेली बोटं एका वेळी तीन अक्षरं दाबायची. तेव्हा दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, लांबच्या शहरातून फर्मान काढलं: घरात संगणक आहेच. त्यावर निरोपांचा एखादा प्रोग्राम टाकू. बाबा मोठ्या कीबोर्डवर लिहितील, आईच्या फोनवर पोचेल, आपल्यालाही पोचेल.

त्यासाठी तो आणि वहिनी एका रविवारी आले. दादाने बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले आणि कोणता प्रोग्राम यावर आमचं घोडं अडलं.

“आमच्या ऑफिसात आहे तोच टाकू,” दादा म्हणाला. “सगळ्यांचा एक गट. मी त्याचा प्रमुख. काही बिघडलं तर मी तिथून बघेन.”

“त्यात छप्पन्न खिडक्या उघडतात,” मी म्हणाले. “त्यांना एक चौकट हवी, मोठी अक्षरं हवीत, एक बटण हवं.”

“माझ्या आईकडे तो गोल तोंडांवाला आहे,” वहिनी म्हणाली. “लिहावंही लागत नाही. रडकं तोंड, हसरं तोंड, नुसतं दाबायचं.”

बाबांनी टेबलावर मूठ आपटली आणि पडद्यावर एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘ज्यात ताबडतोब पोचेल तो.’

“बघ!” दादा माझ्याकडे वळून म्हणाला. “माझ्यात तीच तर सोय आहे. समोरच्याने निरोप वाचला की आपल्याला डोळ्याची खूण दिसते. नाही वाचला तर वाचेपर्यंत त्याचा फोन मिनिटामिनिटाला टिंग करत राहतो. टाळायला वावच नाही.”

आई तेव्हा आतल्या खोलीत कुणाच्या तरी पडद्यांना पट्टी लावत होती. मशीनचा आवाज येत होता. ज्या बाईच्या खिशात ते टिंग वाजणार होतं, तिला कुणी विचारलं नाही. दादाने तिचा फोन मागून घेतला, त्यात प्रोग्राम भरला आणि परत देताना सांगितलं, “आता आवाज बंद नाही करायचा हं, आई.” आणि संध्याकाळच्या गाडीने दोघं गेले. उंटावरून शेळ्या हाकायला आमचा दादा पहिल्यापासून हुशार.

पुढचे दिवस कसे गेले ते आईने मला सांगितलं नाही. ते मला गटातच दिसत होतं. मी वेगळी राहते, एका इस्पितळात एक्स-रे काढते. दोन रुग्णांच्या मध्ये फोन बघावा, तर ओळीने:

‘चहा.’

‘चहा म्हटलं.’

‘डोळा दिसतोय. वाचलंस. बहिरी झालीस का?’

‘गिऱ्हाईक मोठं का मी मोठा?’

‘कुठे मेलीस?’

माझी तळपायाची आग मस्तकात जायची. मी गटात लिहिलं, ‘बाबा, हे बरं नाही.’ त्यावर दादाचं उत्तर, ‘आजारी माणूस आहे, समजून घ्या.’ समजून घ्या! ओरडत होते तेव्हा निदान दार लोटून घेता येत होतं. आता भोंगा तिच्या खिशात बसला होता. संडासात गेली तरी टिंग.

आणि मग तो कोट. इमारतीतल्याच एका शिक्षिकेचा. तिच्या वडिलांचा जुना लोकरीचा कोट, वडील गेल्यावर तिला तो स्वतःच्या मापाचा करून हवा होता. आईने तो किती दिवस नुसता हाताळून ठेवला होता. शेवटी उसवला, खडूने खुणा केल्या आणि पाठीच्या भागाला कात्री लावली. तेवढ्यात टिंग. हात दचकला. कात्री खुणेच्या बाहेर, थेट पाठीच्या मधोमध गेली.

आईच्या हातून कापड बिघडल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. निरोप काय होता? ‘पंखा एकने कमी कर.’ पंख्याचं बटण बाबांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर आहे.

तिने शिक्षिकेला स्वतः जाऊन सांगितलं. ती बिचारी कापलेला भाग हातात घेऊन रडली. तिथून बाहेर पडून आईने मला जिन्यातूनच फोन केला.

“सुट्टीच्या दिवशी ये,” ती म्हणाली. “ते टिंग टिंग घरातलं काढून टाकायचंय. दुसरं बघून दे.”

“दुसरं कसलं हवंय, आई?”

“मी वाचलं की नाही हे त्यांना कळता कामा नये.”

मी गेले. बाबा खुर्चीत होते. आईने शिवणाचं स्टूल ओढून माझ्याशेजारी ठेवलं, चष्मा लावला आणि संगणकाकडे अशी बघायला लागली की जणू कापडाचा पोत तपासते आहे. बाबांना वाटलं काहीतरी दुरुस्ती चाललीये. मी एकेक प्रोग्राम उघडून दाखवत होते.

“यात खूण दिसते?” ती विचारायची.

“दिसते. पण बंद करता येते.”

“कुणाला करता येते? त्यांना की मला?”

“दोघांनाही.”

“मग ते चालू करायला लावतील. नको. पुढचा.”

पुढच्यात खूण नव्हती, पण माणूस फोन घेऊन बसलंय हे हिरव्या ठिपक्याने कळत होतं. “म्हणजे खिडकीतून डोकावल्यासारखंच की,” असं म्हणून तिने तोही नापास केला. शेवटी एक साधा सापडला. खूण नाही, ठिपका नाही. ठरावीक वेळ आवाज बंद ठेवता येई. समोरचा लिहायला लागला की मात्र खाली ‘लिहीत आहे’ असं यायचं.

“ते असू दे,” आई म्हणाली.

दादाच्या प्रोग्राममधून मी आईला बाहेर काढलं तसा त्याचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

“हे काय चाललंय? मला न विचारता? उद्या बाबांना काही झालं आणि आईने निरोप बघितलाच नाही तर?”

“टेबल आपटता येतं त्यांना,” आई म्हणाली. “चार भिंतींपलीकडे ऐकू जातं.”

“आई, तू कधीपासून अशी बोलायला लागलीस?”

“तू ऐकायला कधी होतास इथे?” ती म्हणाली आणि माझ्या हातातला फोन घेऊन तिने बंद केला.

आता बाबांच्या लक्षात आलं. ते उठून उभे राहिले. मान ताठ झाली, शिरा फुगल्या, तोंड सगळं उघडलं. लहानपणी ते असे उभे राहिले की आम्ही कान झाकायचो. माझे हात आपोआप वर गेलेसुद्धा. पण बाहेर पडली नुसती हवा. मानेवरचा रुमाल फडफडला. ते तसेच तोंड उघडून उभे होते आणि घरात काहीच वाजत नव्हतं. भयंकर वाटलं ते मला. आई वळलीही नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं.

बाबा धपकन बसले आणि नव्या चौकटीत बोटं आपटू लागले.

‘हे कोणाच्या परवानगीने?’

काही नाही.

‘उत्तर दे.’

काही नाही. ते पडद्यावर खूण शोधत होते. माझ्याकडे बघून हाताने विचारलं, डोळा कुठाय?

“नाहीये यात,” मी म्हणाले. “कळायला मार्ग नाही, बाबा.”

त्यांनी कीबोर्ड उचलला. मला वाटलं, आता हा जमिनीवर. तेवढ्यात खाली अक्षरं आली: ‘लिहीत आहे’.

आईने आजवर त्यांना ‘हो’ आणि ‘आणते’ यापलीकडे काही लिहिलं नव्हतं. बाबांनी कीबोर्ड खाली ठेवला. ‘काय लिहितेस’ असं घाईघाईने लिहून पाठवलं. ‘लिहीत आहे’ तसंच. ‘लवकर’ असं पाठवलं. फरक पडला नाही. ती थांबत नव्हती आणि तिला थांबवायची त्यांच्याकडे काही सोय उरली नव्हती. उठून जावं तर काय येतंय ते चुकेल. ते बसून राहिले. कुणाचं वाक्य पुरं होण्याची वाट बघत बसलेले बाबा मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग ते आलं. पडदा भरून.

‘तुमच्या परवानगीने काही करायचं मी आज सोडलं. आता मधे बोलू नका. माझी धाकटी बहीण आजारातून उठून आपल्याकडे विश्रांतीला आली होती. तुमची रात्रपाळी चालू होती. ती दुपारी खोकली. तुम्ही दारात येऊन ओरडलात, हे घर आहे की इस्पितळ. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. ती त्याच संध्याकाळी बॅग भरून निघाली. मी थांब्यापर्यंत मागे गेले. ती म्हणाली, ताई, तू कशी राहतेस गं इथे? मग ती कधी आली नाही आणि मला तिच्याकडे जायला तोंड उरलं नाही. हे तुम्हाला सांगायला मी कितीदा निघाले. पहिलं वाक्य संपायच्या आत तुमचं सुरू. तुमचा आवाज गेला तेव्हा मी रडले. सगळ्यांना वाटलं, नवऱ्यासाठी रडते. आता घरात शांतता होईल म्हणून रडले होते मी. तेवढीसुद्धा तुम्ही मिळू दिली नाहीत.’

आई एकेरीवर आली नव्हती. सगळीकडे ‘तुम्ही’ होतं. तेच मला जास्त झोंबलं.

बाबांनी ते वाचलं. वर सरकवून पुन्हा वाचलं. मावशी आमच्याकडे येणं का बंद झाली हे मला त्या दिवशी कळलं. आम्हाला सांगितलं होतं, तिला इथली हवा मानवत नाही.

शेवटी त्यांनी लिहिलं, ‘मला आठवत नाही.’

दार उघडलं. आई चौकटीत उभी होती, चेहरा लालबुंद.

“तुम्हाला कशाला आठवेल?” ती म्हणाली. “बोलणारा मोकळा होतो. ज्याने ऐकलं त्याला विचारा.”

बाबांनी मान खाली घातली आणि लिहिलं. या वेळी मला, माझ्या नावावर. ‘तिचा नंबर दे.’

मी आईकडे बघितलं.

“नाही द्यायचा,” ती म्हणाली. “तिला तरी सोडा. मी जाते तिच्याकडे. मला काय बोलायचंय ते मी बोलेन.”

ती खरंच गेली. मशीनवर झाकण घातलं, शिक्षिकेचा कोट बॅगेत घेतला. मावशीकडे बसून तुकड्यांचं निदान बिनबाह्यांचं जाकीट तरी करते म्हणाली. मी दादाला कळवलं.

“आणि बाबांना कोण बघणार?” तो कडाडला.

“प्रमुख आहेस ना गटाचा? ये.”

तो आला. आल्या आल्या त्याने त्याचा तो डोळ्यावाला प्रोग्राम बाबांच्या संगणकावर आणि स्वतःच्या फोनमध्ये पुन्हा जोडला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी एका आजोबांना यंत्रापुढे उभं करत असताना त्याचा फोन आला. “अगं, मी मीटिंगमध्ये असतो आणि हे टिंग टिंग करतात! वाचलं की लगेच उत्तर मागतात. हे आई कसं काय...” तो मधेच थांबला. मी त्याचं वाक्य पुरं केलं नाही. फोन ठेवून दिला.

आई परतली तेव्हा मी घरी होते. तिने बॅग ठेवली, तोंड धुतलं, आत जाऊन मशीनवरचं झाकण काढलं. बाबा संगणकापुढे होते. एक बोट, एक अक्षर, असं करत त्यांनी विचारलं, ‘ती कशी आहे?’

मशीन चालत राहिलं, थांबलं, पुन्हा चाललं. मग आलं:

‘अजून खोकते.’

बाबा त्या दोन शब्दांपुढे बसून राहिले. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू. पण मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. चपला घातल्या, आईला आत डोकावून “येते” म्हणाले आणि निघाले.