नॉर्मन अंकलसाठी ऐकताना

वर्तकनगरमधल्या एका जुन्या कॉलनीत, नॉर्मन अंकलच्या घरी, रविवारी दुपारी चार-पाच जण रेकॉर्ड ऐकायला जमत. रॉक असो की जॅझ, प्रत्येकाने आपल्या आवडीचं काहीतरी आणायचं आणि ते वाजत असताना कुणी बोलायचं नाही. रेकॉर्ड संपली की अंकल सुई उचलून बाजूला ठेवत, जरा वेळ तसेच बसून राहत आणि मग विचारत, "काय दिसलं?"

या प्रश्नासाठीच संचिता कोपरहून एवढ्या लांब यायची. ती शाळेत भूगोल शिकवायची. कॉलेजपासून हेडफोन लावून एकटीच ऐकत आलेली. संगीतातले शब्द तिच्याकडे नव्हते. बँकेतून निवृत्त झालेले रवींद्रकाका कुठला ताल, कुठला सूर, सगळं नीट उलगडून सांगत. संचिता म्हणायची, "ओहोटीला खाडीतला चिखल कसा चमकतो, तसं काहीतरी होतं." अंकल मान डोलवत. "मलापण ओलंच वाटलं."

दिवाळीनंतर अंकलना ऐकू येईनासं झालं. डॉक्टर म्हणाले, कानाच्या नसा गेल्यात. मशीन बसवलं. समोर बसून कुणी सावकाश बोललं तर कळायचं; पण रेकॉर्ड लावली की मशीनमधून नुसती भांडी पडल्यासारखा आवाज. अंकलच्या बायकोने, थेल्मा आंटीने, सगळ्यांना फोन केले. "रविवारी नका येऊ. त्याला बघवत नाय."

काही रविवार तसेच गेले. संचिता घरी हेडफोन लावून बसायची. गाणं संपायचं, खिडकीबाहेर दुपार तशीच असायची आणि काय दिसलं ते कुणीच विचारायचं नाही. शेवटी एका रविवारी फोन न करताच ती निघाली.

आंटीने दार उघडलं. तिला बघून बाजूला झाली. आत रवींद्रकाका बसलेले. तेही न सांगताच आले होते. अंकल खिडकीशी, रेकॉर्ड प्लेअरकडे पाठ करून.

"कशाला आलीस गो?" ते म्हणाले. "इथे आता काय वाजत नाय."

संचिताने स्टूल ओढलं आणि त्यांच्या अगदी समोर बसली. फोनला हेडफोन लावले. "शिलाँगच्या चार मुलांनी नवीन वाजवलंय. जॅझ आहे. तुम्ही ऐकलेलं नाही. मी ऐकते आणि तुम्हाला सांगते."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही बघा."

अंकल हसले नाहीत, पण पाठही फिरवली नाही.

तिने डोळे मिटले. खोलीत काहीच वाजत नव्हतं. जे होतं ते तिच्या एकटीच्या कानात.

"फक्त बास गिटार आहे," ती सावकाश म्हणाली. "कुणीतरी अनवाणी जिना उतरतंय. घाई नाही त्याला... आता ड्रम आला. काठीने नाही, ब्रशने. अंगण झाडल्यासारखा. पहाट आहे. धुकं... थांबा. ट्रम्पेट. लांबून येतोय, पाण्यावरून. होडी दिसत नाही, नुसता तिचा दिवा. जवळ येतोय असं वाटतं आणि वळतोय."

"कुठे वळतोय?" अंकलनी विचारलं.

"डावीकडे. झाडी आहे तिथे."

"पियानो नाय?"

"आहे. आत्ताच आला. पानांवरून थेंब पडतायत, एकेक."

बोलता बोलता तिचा आवाज हलका होत गेला. रवींद्रकाकांनी डोळे मिटून घेतलेले. आंटी स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी गाऊनचं टोक पदरासारखं धरून उभी होती. ट्रम्पेट झाडीआड गेला, दिवा गेला, जिना उतरणाराही कुठेतरी पोचला आणि संचिता थांबली.

"संपलं?" अंकलनी विचारलं.

"संपलं."

अंकल गुणगुणायला लागले. आधी नुसता घशातला आवाज, चाचपडत; मग त्याची चाल झाली. खालून निघाली, वर जाऊन जराशी डगमगली आणि हळूच बाजूला वळली. स्वतःचाच आवाज त्यांना कितपत ऐकू येत होता कोण जाणे. त्यांनी हात मात्र छातीवर ठेवलेला, तिथली थरथर हाताला लागत असावी.

संचिता ऐकत राहिली. शिलाँगच्या मुलांनी वाजवलेला एकही सूर त्यात नव्हता.

"असंच आहे ना?" अंकलनी विचारलं.

रवींद्रकाकांनी तिच्याकडे बघितलं. हो म्हण, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"नाही अंकल," संचिता म्हणाली. "हे वेगळंच आहे. असं मी कधीच ऐकलेलं नाही."

अंकल तिच्या ओठांकडे बघत राहिले, आपल्याला बरोबर कळलं की नाही याचा अंदाज घेत. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे हे माझं?"

"तुमचं. परत म्हणा ना. मघाशी मी मध्येच विचार करायला लागले, नीट ऐकायचं राहिलं."

"थेल्मा, ये बस," अंकल म्हणाले. आंटी येऊन त्यांच्या खुर्चीच्या हातावर टेकली. रवींद्रकाकांनी पंखा बंद केला. अंकलनी घसा साफ केला, हात पुन्हा छातीवर ठेवला आणि सुरुवात केली, आणि ते म्हणत असेपर्यंत कुणीच बोललं नाही.