ओळखीचं पाऊल

"कोन होय?"

ओसरीतल्या खाटेवरून नत्थुजींनी मान वळवली. काचबिंदूनं त्यांची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"मी होय. आली ना अमरावतीहून," सुभद्रा म्हणाली.

गुडघ्याचं ऑपरेशन अमरावतीला झालं आणि नंतर लेकीकडेच मुक्काम लांबला. आज अकोल्याला परतताना ती ऑटोतून उतरून कोणाचा हात न धरता पायरी चढली होती. नवऱ्यानं काहीतरी बोलावं, एवढीच तिची इच्छा होती.

"आवाज तर तिचाच काढते," नत्थुजी हळूच म्हणाले. "पन पाऊल तिचं नाई."

सुभद्रा हसली. "गुडघा नवा बसवला. आता पाय घासत नाई माहा."

"सुभद्रा अंदर हाय. आत्ताच गेली."

पिशवी घेऊन मागे उभी असलेली सून, रागिणी, खाली पाहत राहिली. आत गेल्यावर तिनं सांगितलं, "तुमी गेल्यापासून असंच सुरू हाय, आत्याबाई. दुपारी एकटेच बोलत बसतात. इचारलं तं म्हनतात, तुही सासू बसली ना इथी."

"मंग?"

"मंग काय? मी दुपारी ओसरीत जातच नाई."

जठारपेठेत त्यांचं फुलांचं दुकान होतं. उकिडवं बसून हार ओवता ओवता सुभद्राचा उजवा गुडघा कामातून गेला. एक पाऊल पडायचं, दुसरं घासत यायचं. डोळे गेल्यावर नत्थुजींना बायको उरली ती त्या आवाजात. ती रागात आहे की थकली आहे, हे त्यांना ती बोलायच्या आत कळायचं.

व्यायाम शिकवायला खुशी नावाची मुलगी घरी येऊ लागली. "टाच आधी टेका, काकू. लंगडायची सवय सोडून द्या आता." सुभद्रा मनापासून करायची. सूज उतरली. कुशीवर झोपता येऊ लागलं. बाजारातून पायी घरी येताना तिला आपलंच नवल वाटायचं.

पण नत्थुजी तिच्या हातचं खाईनात. एकदा तिनं त्यांचा हात धरून आपल्या चेहऱ्यावर ठेवला. त्यांनी कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, आणि परक्या बाईला हात लागावा तसा अदबीनं मागे घेतला.

"बाई, तुमी कोनाच्या घरच्या?"

तो 'तुमी' सुभद्राला नवा होता. उभ्या जन्मात त्यांनी तिला 'तू'शिवाय हाक मारली नव्हती.

एका दुपारी रागिणी दुकानावर गेली होती. सुभद्रानं ताट वाढलं, आणि स्वयंपाकघरातून निघताना मुद्दाम उजवा पाय घासत चालली. पण नवा गुडघा ऐकेना. पाय उचलला जायचा, मग ती तो ओढायची. सोंग घेतल्यासारखं वाजत होतं.

"नक्कल नका करू, बाई," नत्थुजी कळवळून म्हणाले. "तिले खरंच दुखते."

ताट हातात धरून ती जागच्या जागी थांबली.

तेवढ्यात तिच्या पाठीमागे, आत्ताच सोडलेल्या स्वयंपाकघरात, एक पाऊल पडलं. मग दुसरं घासत आलं.

घरात तिसरं कोणी नव्हतं. बाहेर ऊन रणरणत होतं. आवाज दारातून आला, तिच्या अगदी बाजूनं, घाई न करता पुढे गेला. सुभद्राला वळून पाहण्याची हिंमत झाली नाही. पण त्या पावलातली कळ तिनं ओळखली. दिवसभर बसून उठल्यावर निघायची, ती.

आवाज खाटेपाशी थांबला.

नत्थुजींचा चेहरा उजळला. ते सरकले. "ये, बस. लय ठनकून राहिला का आज?"

खाटेची नवार किंचित करकरली.

सुभद्रानं ताट त्यांच्या हाताशी ठेवलं. ऑपरेशननंतर घरातही घालायच्या मऊ चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी, टाच न वाजवता अंगणात गेली. पायरीवर टेकली. पाठीमागे भाकर मोडल्याचा आवाज आला. किती दिवसांनी ते तिच्या हातचं जेवत होते.

"आज झेंडू कसा गेला?" नत्थुजी विचारत होते.

उत्तर सुभद्राच्या ओठांवर आलं. तिनं तोंडाला पदर लावला.

थोडा वेळ आत काहीच ऐकू आलं नाही. मग नत्थुजी म्हणाले, "हौ? मंग बरं झालं."