एकच पेटी

रूपराव कापसाचे ग्रेडर होते, हे आंजी गावात अजून कुणी विसरलेलं नाही. नोकरी संपून कितीतरी पावसाळे लोटले, सरकारी खरेदीचा तो थाट गेला, तरी चौकातून जाताना एखादा म्हातारा शेतकरी हटकतोच, "काय साहेब, आज कोनाची बंडी परत?" रूपराव ओशाळून हसतात आणि वाटेला लागतात.

त्या काळी गंजीत कोपरापर्यंत हात घालून तळचा कापूस वर काढायचा, चिमटीत धागा ताणायचा, सरकी दाताखाली फोडून ओलावा पाहायचा आणि मग बोलायचं. एक, दोन किंवा तीन. त्याखाली असेल ते परत, बंडीचे बैल आल्या वाटेने माघारी. एकदा बोलले की बोलले. कुणी पाया पडो, कुणी आई-माई काढो, बोललेला आकडा बदलायचा नाही. बायकोच्या सख्ख्या भावाचा, नाचणगावच्या लहानूचा, कापूस त्यांनी भर केंद्रात परत लावला होता. लहानूने त्या वर्षी बहिणीला दिवाळीला नेलं नाही. पुढे सगळं गोड झालं, पण भागीरथाबाईंनी तो टोमणा जन्मभर लोणच्यासारखा मुरवून ठेवला. भाजीत मीठ कमी पडलं की म्हणायच्या, "लावा परत! माह्या भावाले नाई सोडलं, मले काऊन सोडता?"

रूपरावांचा खरा अभिमान मात्र निराळाच होता. पूर्वी एका केंद्रावर परत लागलेली बंडी शेतकरी तशीच पुढच्या केंद्रावर हाकायचा आणि तिथे तो माल तीनात, कधी दोनातही खपून जायचा. रूपरावांना ते बघवत नसे. हंगामाआधीच्या प्रत्येक बैठकीत ते, एरवी चार माणसांत तोंड न उघडणारे, उभे राहून एकच सांगायचे: नमुन्याची पेटी सगळीकडे एकच असावी, आणि सगळ्या ग्रेडरांनी तिच्यात हात घालून आपापले हात जुळवून घ्यावेत, म्हणजे एकाचा आकडा तोच सगळ्यांचा. शेवटी तसं झालं. ज्या वर्षी झालं, त्या वर्षी फाटकाबाहेर काढलेल्या बंड्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. पुढे हाकायला जागाच नव्हती. बैल शेपट्या हलवत होते आणि माणसं गप्प होती. रूपराव त्याला न्याय म्हणत.

या वर्षी पोळ्याच्या सुमारास भागीरथाबाई केळझरच्या गणपतीला गेल्या आणि पायऱ्यांवरच फिट येऊन कोसळल्या. वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तर मेंदूत गाठ निघाली. डॉक्टरांनी तिचा निघेल तेवढा तुकडा काढला. उरलेली गाठ वाचेच्या जागेला चिकटून होती, ती तिथेच ठेवावी लागली. तपासणीचा निकाल आला: ग्रेड दोन.

आपल्या ओळखीचा शब्द कानावर पडला तसा रूपरावांना जरा धीर आला. केंद्रावरच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी, माल ज्याने पाहिला त्यालाच भेटायचं ठरवलं. भागीरथाबाईंना घेऊन ते तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या डॉक्टर नंदिनी तरुण होत्या. ग्रेडरला भेटायला आलेला शेतकरी त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला, पण बसायला खुर्च्या दिल्या.

"मॅडम, नमुना पाहाले भेटन का?" रूपरावांनी विचारलं.

त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली. रूपरावांनी डोळा लावला. गुलाबी चिखलात जांभळे ठिपके. ना धागा, ना ओलावा. हात घालावा अशी काही वस्तूच नव्हती. ते खुर्चीत परत बसले.

"काका, हे दोन आम्ही रूपावरून लिहिलंय," नंदिनी म्हणाल्या. "आता तेवढ्यावर थांबता येत नाही. तुकडा मुंबईला पाठवून त्यातली जनुकं तपासायला हवीत. म्हणजे झाड पाहून नाही, बियाणं पाहून नाव ठेवायचं."

"असं कोनं ठरवलं?"

"कुणा एकाने नाही. पुष्कळ देशांतले डॉक्टर एकत्र बसले. एकमेकांच्या काचा पाहिल्या, वाद घातले, आणि सगळ्यांसाठी एक पुस्तक केलं. पूर्वी एकाच गाठीला इथे एक नाव असायचं, जपानात दुसरं. आता जगात कुठेही दाखवा, नाव एकच."

रूपरावांचा चेहरा उजळला. "म्हंजे नमुन्याची पेटी! सगळ्याइनं हात जुळवून घेतले!"

"तसंच म्हणा. पण काका, या तपासणीने ग्रेड बदलू शकते. आणि बदलली तर बहुतेक वाईटाकडेच."

रूपरावांनी 'बदलू शकते' एवढंच ऐकलं. जन्मभर त्यांनी शेतकऱ्यांना दुसऱ्या ग्रेडरच्या हाताची आशा धरताना पाहिलं होतं आणि मनातल्या मनात त्यांना हसले होते. आता तीच आशा त्यांच्या मानगुटीवर बसली. दोनाचा एक झाला तर?

"दोन लागला ना? उचला अन् चाला," भागीरथाबाई म्हणाल्या. "माल जितका उलथवान तितका खराब दिसते."

"एका हातावर माल सोडत नाई आपून. पाठवा मॅडम."

परतीच्या एसटीत ते बायकोला सांगतच राहिले. "पाह्य, जपान घे का आपलं वर्धा घे, पेटी एकच! आमाले एवढ्याश्या जिल्ह्यात जुळवता जुळवता नाकी नऊ आलते." भागीरथाबाई खिडकीबाहेरची कपाशी पाहत होत्या. उजव्या हाताची बोटं त्या पुन्हापुन्हा मिटून उघडून बघत होत्या.

दसरा झाला आणि निकाल आला. भागीरथाबाईंना आवारातल्या करंजाखालच्या बाकावर बसवून रूपराव एकटेच आत गेले. त्यांना पाहून डॉक्टर नंदिनी खुर्चीतून उठल्या, तेव्हाच त्यांना कळलं. परत लागलेल्या शेतकऱ्यासाठी ग्रेडरसुद्धा असाच जरा उठायचा.

"चार," त्या म्हणाल्या. "दिसायला सौम्य आहे, पण जात सगळ्यात वाईट. त्याखाली ग्रेड नाही."

"गेल्या खेपेले तुमीच दोन म्हनलं होतं."

"हो. हे नवं पुस्तक यायच्या आधी काकू आल्या असत्या, तर दोनच राहिलं असतं."

"मंग वाचली असती?"

"नाही काका. नाव दोन असतं, एवढंच. गाठ हीच."

रूपरावांनी टोपी काढून हातात घेतली. हे त्यांच्यासमोर कितीजणांनी केलं होतं! "मॅडम, कागदावर तेवढं दोनच राहू द्या. तिनं दोनचंच धरून ठेवलं हाय मनात. एक डाव."

 नंदिनी हळू म्हणाल्या, "दोन लिहिलं तर रेडिएशनचा शेक इतक्या तातडीने कोण देईल? चार लिहिलं तरच उद्यापासून देता येईल. काही महिने वाढतात."

"अन् त्याच्या उप्पर?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. टोपी घालायची विसरून रूपराव बाहेर आले.

करंजाखाली भागीरथाबाई पदराने वारा घेत होत्या, डाव्या हाताने. उजवा मांडीवर नुसता ठेवलेला. नवऱ्याची उघडी टाळू पाहून त्यांनी विचारलं, केंद्राच्या फाटकावर सगळे विचारायचे तसंच:

"किती लागला जी?"

एवढी वर्षं ज्यांनी कुणासाठी आकडा फिरवला नाही, त्यांना आताही फिरवता आला नाही. "चार."

"चार तं तुमच्यात नव्हताच. तीनच्या खाली काय करत होते?"

रूपराव हातातल्या टोपीची घडी घालू लागले.

"सांगा ना. तुमाले नाई माहीत तं कोनाले?"

"परत."

"मंग चाला घरी."

"असं नोको म्हनू. शेक घेऊ. महिने वाढते म्हन्ते ते डॉक्टरीन."

"शेकानं दोन व्हते का माल?"

"नाई."

"मंग?"

"मंग मुंबईले जाऊ. आपल्या पुतन्याले, अंकुशले सांगतो. तो म्हने, काचा बाहेरदेशीबी पाठवता येते. कोनीतरी पाहीन. कोनीतरी..."

भागीरथाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "तुमीच तं सांगत होते एसटीत. जपान घे का वर्धा घे. कुठं हाकता आता बंडी?"

रूपराव बाकावर बायकोशेजारी बसले. समोरून माणसं फायली छातीशी धरून जात होती. जगातल्या कुठल्याही दवाखान्यात नेलं तरी आता हेच ऐकायला मिळणार होतं, कुणी तरुण बाई खुर्चीतून जराशी उठणार होती. आपण मागितलेलं ते हेच, एवढं त्यांना उमगलं. पण त्याला काय म्हणायचं ते कळेना. न्याय म्हणायला जीभ वळेना.

"लहानूले फोन लावा," भागीरथाबाई म्हणाल्या. "यंदा दिवाळीले ने म्हना मले."

त्यांनी लावला. पलीकडून मेहुण्याचा आवाज आला, "बोला भाऊजी. आला का निकाल? किती लागला?"

रूपरावांनी फोन कानावरून खाली घेतला. भागीरथाबाईंनी डाव्या हाताने तो त्यांच्याकडून घेतला.

"परत लागली रे तुह्यी बहीन," त्या म्हणाल्या. "गाडी घेऊन येजो."