शेवटच्या घासाची भाकर

फादर आत येणार तोच भाकरवाली दारात आडवी उभी राहिली. एक हात चौकटीला, दुसरा झग्याच्या खिशात.

“कुठली भाकर आणलीत? पाकिटातली?”

“मावशी, आता सगळ्याच चर्चमध्ये तीच येते. वरूनच ठरलंय.”

“येते ती समुद्रापलीकडून. वाचलंय मी पाकीट. ‘मानवी हाताचा स्पर्श नाही’ म्हणे! केवढी शेखी. प्रभूने काय चिमट्याने मोडली होती?”

फादरला हसू आलं, ते त्याने गिळलं. आत तिचा नवरा श्वास ओढत होता. संध्याकाळ दिसणं कठीण, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेला होता.

एकतीस वर्षं चर्चच्या वेदीवरची भाकर तिच्या चुलीवर झाली. पीठ ती कालवायची, लोखंडी साचा नवरा दाबून धरायचा. तेवढा वेळ दोघांच्या तोंडाला कुलूप. एरवी शेजाऱ्यांवर कानांत बोटं घालायची पाळी. आईने सांगितलेली एक गोष्ट तिने काळ्या दगडावरच्या रेघेसारखी जपली होती, फादरलाही कितीदा ऐकवली होती: शेवटच्या घासाला ओळखीच्या हाताची भाकर हवी, नाहीतर जीव वाट चुकतो.

तिने खिशातून फडक्याची घडी काढली. आत पहाटे एकटीने भाजलेली एकच पातळ चकती.

“ही द्या त्याला.”

“ही नुसती भाकर आहे, मावशी. हिच्यावर मिस्सा, वेदीवरची पवित्र प्रार्थना, झालेली नाही.”

“मग करा की आता.”

“तेवढा वेळ आहे त्यांच्याकडे?”

आतला श्वास अडखळला. दोघांनीही तिकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने तो पुन्हा सुरू झाला.

“वाट काही पीठ दाखवत नाही हो,” फादर हळूच म्हणाला.

हा पोरगेला फादर तिला काय शिकवणार! पण चौकटीवरचा हात तेवढा खाली आला.

प्रार्थना झाली. फादरने छोट्या डबीतून बटणासारखी गुळगुळीत, पांढरीशुभ्र चकती काढून म्हाताऱ्याच्या जिभेवर ठेवली. जीभ कोरडी, ती तिथेच चिकटली. फादर गोंधळून तिच्याकडे बघू लागला.

“सरका जरा.”

तिने नवऱ्याची मान दंडावर घेतली, चमच्याने पाणी सोडलं आणि गळ्याची घाटी हलेपर्यंत तशीच थांबली.

म्हातारा कितीतरी वेळ जीभ टाळ्याला लावत राहिला. मग डोळे न उघडताच पुटपुटला,

“छान पातळ झालीये गं आज… साचा कुणी धरला?”

फादरने मान खाली घातली. तिने म्हाताऱ्याच्या हनुवटीवरचं पाणी अंगठ्याने पुसलं. परत एकदा पुसलं.

“आहे एक,” ती म्हणाली. “ओळखीचाच.”